खाजेचे मूळ यकृतात : कृत्रिम पेप्टाइडे आणि रोगनिदान

चाळिशी ओलांडलेल्या एखाद्या गृहिणीच्या अंगाला खाज सुटू लागते. त्वचेवर पुरळ नसते, गांधी नसतात. तरीही रात्री अंथरुणाला पाठ टेकली की तळहात आणि तळपाय विशेष खाजतात. त्याच सुमारास थकवाही जाणवू लागतो. घरकामाचा शीण म्हणून घरची माणसे, आणि ती स्वतःही, त्याकडे काणाडोळा करतात. प्रथम खोबरेल तेल, मग मलमे, मग खाजेवरच्या गोळ्या असा क्रम चालू राहतो. काही वर्षांनी डोळ्यांत पिवळी झाक दिसते, रक्त तपासले जाते आणि विकार त्वचेचा नसून यकृताचा आहे असे कळते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार असतो.

दुःखाची बाब अशी की येथे निदानाबरोबर एक कलंकही पदरी पडतो. ‘सिऱ्होसिस’ हा शब्द कानी पडताच ऐकणाऱ्याच्या मनात मद्यपानाचा विचार येतो. जिने दारूला कधी स्पर्शही केलेला नाही, तिला नातेवाइकांच्या नजरेला तोंड द्यावे लागते. ही तक्रार केवळ आपल्याकडची नाही. युरोप-अमेरिकेतील रुग्णांच्या संघटनांनीही हाच मुद्दा लावून धरला होता. ‘प्राथमिक पित्तजन्य सिऱ्होसिस’ हे या रोगाचे १९५० पासून रूढ असलेले नाव २०१५ मध्ये बदलण्यात आले आणि ‘प्राथमिक पित्तनलिकादाह’ अशा अर्थाचे नवे नाव देण्यात आले, त्याचे एक कारण हेच होते. दुसरे कारण अधिक शास्त्रीय होते. रोग वेळीच ओळखला गेला तर अनेक रुग्णांचे यकृत सिऱ्होसिसपर्यंत, म्हणजे कठीण व गाठाळ होण्यापर्यंत, जातच नाही. मग प्रत्येकीच्या कपाळी शेवटच्या अवस्थेचे नाव आधीच का लिहावे?

वेळीच ओळखणे हा या रोगातील कळीचा प्रश्न आहे. त्यासाठी रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत प्रथिनांचे लहान लहान तुकडे ‘ओवून’ काय साधले आणि काय साधले नाही, याची हकीकत या लेखात द्यावयाची आहे.

कुंपणच शेत खाते तेव्हा

आपल्या शरीरातील प्रतिरक्षा यंत्रणा जंतूंपासून आपले रक्षण करते. त्यासाठी ती प्रतिपिंड नावाची प्रथिने तयार करते. प्रत्येक प्रतिपिंड एका विशिष्ट आकाराच्या रेणूभागाला, म्हणजे प्रतिजनाच्या एका छोट्याशा पृष्ठभागाला, किल्ली कुलुपात बसावी तसा जाऊन चिकटतो. क्वचित प्रसंगी ही यंत्रणा आपपर भाव विसरते आणि शरीराच्या स्वतःच्याच घटकांविरुद्ध प्रतिपिंड निर्माण करू लागते. कुंपणानेच शेत खाल्ल्याचा हा प्रकार होय. अशा विकारांना स्वयंप्रतिरक्षा विकार म्हणतात.

यकृताचे असे तीन प्रमुख विकार आहेत. एकात यकृताच्या पेशींवरच हल्ला होतो. दुसऱ्यात मोठ्या पित्तनलिका आकुंचित होत जातात. आणि तिसऱ्यात, ज्याचा वर उल्लेख केला त्या पित्तनलिकादाहात, यकृताच्या आतील अगदी बारीक पित्तनलिका हळूहळू नष्ट होतात. पित्ताची वाट अडते आणि खाज सुटते. या तिसऱ्या रोगाच्या दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया असतात, आणि रोग बहुधा चाळीस ते साठ या वयात प्रकट होतो. तिन्ही विकारांचे उपचार वेगवेगळे आहेत. पहिल्यात स्टेरॉइड औषधांचा चांगला उपयोग होतो, तर तिसऱ्यात अर्सोडिऑक्सिकोलिक अम्ल हे औषध रोगाची गती मंद करते आणि जितके लवकर सुरू करावे तितके अधिक उपयोगी पडते. तेव्हा ‘यकृताला सूज आहे’ एवढे कळून भागत नाही. कोणत्या जातीचा विकार आहे, हे निश्चित करावे लागते.

त्याची गुरुकिल्ली १९६५ मध्ये लंडन येथे सापडली. वॉकर, डेबोरा डोनिएक, आयव्हन रॉइट आणि शीला शेरलॉक या चौघांनी दाखवून दिले की पित्तनलिकादाहाच्या रुग्णांच्या रक्तात पेशींमधील तंतुकणिकांविरुद्ध प्रतिपिंड असतात. (डोनिएक आणि रॉइट यांनी कंठस्थ ग्रंथीच्या विकारात असेच प्रतिपिंड १९५६ मध्ये शोधले होते, आणि शेरलॉक या ब्रिटनमधील वैद्यकाच्या पहिल्या स्त्री प्राध्यापिका होत. स्त्रियांना प्रामुख्याने होणाऱ्या रोगाच्या शोधात दोन स्त्रिया अग्रभागी असाव्यात, हा योगायोग नमूद करण्याजोगा आहे.) मायटोकॉन्ड्रिया म्हणून शालेय पुस्तकांत ज्यांची ओळख होते त्याच या तंतुकणिका. त्या पेशीच्या ऊर्जाघरांचे काम करतात. पित्तनलिकादाहाच्या शंभर रुग्णांपैकी नव्वदांहून अधिक जणांच्या रक्तात हे प्रतिपिंड आढळतात. यकृताच्या अन्य विकारांत ते क्वचितच दिसतात.

ही चाचणी कशी करतात, ते पाहण्यासारखे आहे. उंदराच्या जातीतील प्राण्याच्या, बहुधा घुशीसारख्या पांढऱ्या उंदराच्या, मूत्रपिंडाचा अत्यंत पातळ काप काचपट्टीवर ठेवतात. रक्त गोठल्यावर वेगळे होणारे पिवळसर पाणी म्हणजे रक्तरस. रुग्णाचा रक्तरस त्या कापावर घालतात. त्यात तंतुकणिकांविरुद्धचे प्रतिपिंड असतील तर ते कापातील तंतुकणिकांना चिकटतात. मग त्यांच्यावर बसणारे, चमकणाऱ्या रंगाची जोड दिलेले दुसरे प्रतिपिंड घालून काप विशेष सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. अंधारात हिरवी चमक दिसली की चाचणी होकारार्थी समजतात. पद्धत उत्तम आहे. आजही ती जगभर वापरली जाते. परंतु तिला विशेष सूक्ष्मदर्शक लागतो, आणि त्याहूनही दुर्मिळ अशी गोष्ट लागते, ती म्हणजे अनुभवी डोळा. मूत्रपिंडाच्या त्याच कापावर इतर काही प्रतिपिंडही चमक देतात. दोन चमकींतील फरक ओळखणे हे शिकाऊ माणसाचे काम नव्हे. १९७१ मध्ये स्टॉकहोमच्या एंगवाल आणि पर्लमन यांनी, आणि त्याच वर्षी नेदरलँड्समधील संशोधकांनीही, खळग्यांच्या तबकडीत रंग उमटवून प्रतिपिंड मोजण्याची सोपी पद्धत शोधली. ‘एलायझा’ या नावाने ती प्रयोगशाळांत रूढ आहे. तिच्यात डोळ्याऐवजी यंत्र रंगाची तीव्रता मोजते. मात्र तबकडीच्या खळग्यात ठेवावयाचा प्रतिजन शुद्ध असला पाहिजे, आणि त्यासाठी मुळात तो कोणता आहे हे माहीत असले पाहिजे.

प्रतिपिंड नेमके कोणाला ओळखतात?

१९६५ नंतर हे कळावयास वीस-बावीस वर्षे लागली. १९८७ मध्ये अमेरिकेतील गर्शविन आणि ऑस्ट्रेलियातील मॅके, स्टर्जेस व कॉपेल यांनी रुग्णांच्या रक्तरसाच्या साहाय्याने या प्रथिनाचा जनुक वेगळा केला. १९८८ मध्ये न्यूकॅसल येथील येमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथिनाची ओळख पटविली. ते होते पायरुव्हेट डिहायड्रोजिनेज या विकरसंकुलाचा दुसरा घटक, ज्याला ‘ई-२’ असे संक्षिप्त नाव आहे.

आपण खाल्लेल्या भाकरीतील साखरेचे पायरुव्हेटपर्यंत विघटन झाल्यावर पुढे तिची ऊर्जा काढून घेण्याचा दरवाजा या संकुलाच्या ताब्यात असतो. ई-२ घटकाला एक लवचीक हात असतो. शेजारच्या एका घटकाकडून कार्बनचा तुकडा उचलावयाचा, तो पुढे द्यावयाचा आणि पुन्हा मागे यावयाचे, अशी त्याची अखंड ये-जा चाललेली असते. या हाताचा पंजा म्हणजे लिपोइक अम्ल. दोन गंधक अणू असलेले एक लहानसे वलय आणि त्याला कार्बनची शेपटी, अशी त्याची रचना असते. प्रथिनाच्या साखळीतील लायसिन नावाच्या ॲमिनो अम्लाला हा पंजा जोडलेला असतो. त्या जागेच्या आसपास ग्लुटामिक अम्ल, थ्रिओनिन, ॲस्पार्टिक अम्ल, लायसिन, ॲलानिन असा पाच मण्यांचा क्रम येतो. रुग्णांचे प्रतिपिंड प्रामुख्याने या भागालाच धरतात.

लिपोइक अम्लाच्या इतिहासातील एक आकडा येथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९५१ मध्ये लेस्टर रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते प्रथम शुद्ध स्फटिकरूपात मिळविले. त्यासाठी यकृताचा सुमारे दहा टन चोथा वापरावा लागला आणि हाती आले अवघे ३० मिलिग्रॅम. ज्या अवयवाच्या रोगाशी त्याचे नाव पुढे जोडले जाणार होते, त्याच अवयवातून ते निघाले.

येथे एक साधा पण अवघड प्रश्न उभा राहतो. प्रतिपिंड ओळखतात ते कशाला? ॲमिनो अम्लांच्या क्रमाला, की त्यावर बसलेल्या लिपोइक अम्लाच्या पंजाला, की दोहोंना मिळून? शरीरातून काढलेल्या प्रथिनावर प्रयोग करून याचे स्वच्छ उत्तर मिळणे कठीण असते, कारण तेथे पंजा आणि साखळी एकत्रच येतात. उत्तर हवे असेल तर हुबेहूब सारखे दोन तुकडे हवेत, एक पंजासह आणि एक पंजाविना. असे तुकडे निसर्ग देत नाही, ते माणसालाच घडवावे लागतात.

माळ ओवण्याची रीत

ॲमिनो अम्लांच्या लहान साखळीला पेप्टाइड म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत एमिल फिशर यांनी दोन ॲमिनो अम्ले जोडून दाखविली, तेव्हापासून रसायनशास्त्रज्ञ या विद्येच्या मागे होते. परंतु प्रत्येक जोडणीनंतर पदार्थ वेगळा करून शुद्ध करावा लागे, आणि दर वेळी त्यातील काही भाग वाया जाई. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील ब्रूस मेरिफिल्ड यांनी १९६३ मध्ये यावर एक तोडगा प्रसिद्ध केला. तो ऐकल्यावर इतका सोपा वाटतो की आधी कोणाला कसा सुचला नाही याचे नवल वाटावे. त्यांनी माळेचे पहिले टोक प्लॅस्टिकच्या बारीक न विरघळणाऱ्या दाण्यांना बांधून टाकले. आता दाणे धुतले की अनावश्यक द्रव्ये वाहून जातात आणि वाढती माळ दाण्यावरच राहते. चाळणीत तांदूळ धुवावेत तसे. १९६९ मध्ये गुटे आणि मेरिफिल्ड यांनी याच रीतीने १२४ ॲमिनो अम्लांचे रिबोन्यूक्लिएज हे विकर तयार केले. त्यासाठी ३६९ रासायनिक क्रिया आणि ११,९३१ टप्पे लागले. बहुतेक काम त्यांनी बनविलेल्या यंत्राने केले. १९८४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मेरिफिल्ड यांना याच कार्यासाठी मिळाले.

प्रत्यक्ष कृती अशी. प्रत्येक ॲमिनो अम्लाच्या एका टोकाला ‘टोपी’ घातलेली असते, म्हणजे ते भलत्याच ठिकाणी जोडले जात नाही. टोपी काढावयाची, धुवावयाचे, पुढचा मणी जोडावयाचा, पुन्हा धुवावयाचे; माळ पूर्ण होईपर्यंत हेच आवर्तन चालते. कार्पिनो आणि हान यांनी १९७० मध्ये वर्णिलेली ‘एफमॉक’ ही टोपी सौम्य अल्कधर्मी द्रवाने निघते, म्हणून आज तिचा प्रसार फार आहे. शेवटी तीव्र अम्लाने माळ दाण्यांपासून सोडवितात.

शिक्षक बंधुभगिनींना वर्गात मांडता येईल असा एक हिशेब येथे करून पाहू. वीस मण्यांच्या माळेत एकोणीस जोड असतात. प्रत्येक जोड शेकडा ९५ यशस्वी झाला, तर पूर्ण माळा किती मिळतील? ०.९५ चा एकोणिसावा घात, म्हणजे शेकडा सुमारे ३८. हेच यश प्रत्येक वेळी शेकडा ९९ असेल तर पूर्ण माळा शेकडा ८३ मिळतात. प्रत्येक टप्प्यावर चार टक्क्यांची हलगर्जी झाली, तर अखेरीस निम्म्याहून अधिक पीक बुडते. निदानाच्या कामी तर याचा अर्थ आणखी गंभीर आहे. अर्धवट माळा खळग्यात राहिल्या तर प्रतिपिंड कशाला चिकटले, हे सांगता येत नाही. म्हणून तयार पेप्टाइड उच्च दाबाच्या वर्णलेखनाने शुद्ध करतात आणि त्याचे रेणुवस्तुमान मोजून खातरजमा करतात.

लिपोइक अम्लाचा पंजा जोडावयाचा तर अडचणी वाढतात. माळेत अनेक ठिकाणी रासायनिक हुका असतात, आणि पंजा लावावयाचा असतो तो नेमक्या एका लायसिनला. यासाठी दोन मार्ग आहेत. एक तर पंजा आधीच लावलेला लायसिन-मणी तयार करून तो माळेत ओवावयाचा; नाही तर त्या एका लायसिनवर वेगळ्या जातीची टोपी घालून ठेवावयाची, जी इतर टोप्यांना धक्का न लावता शेवटी एकटीच काढता येते. त्यातही गंधकाचे वलय मोठे नाजूक असते. ते उघडले तर एक रेणू दुसऱ्यात गुंतून सगळा चिकट गोळा होऊ शकतो. काम फत्ते झाल्याची खूण मात्र सुरेख असते. पंजाविना पेप्टाइडापेक्षा पंजासहित पेप्टाइडाचे वस्तुमान बरोबर १८८ एककांनी जास्त भरते.

एका खळग्याला साधारण एक मायक्रोग्रॅम पेप्टाइड लागते असे धरले, तर एक मिलिग्रॅम हजार खळग्यांना पुरते. दहा टन चोथ्यातून ३० मिलिग्रॅम मिळविणाऱ्या रीड यांच्या काळाशी याची तुलना वाचकांनीच करावी.

संधिवाताचा धडा

पेप्टाइडात केलेला छोटासा बदल निदानात किती मोठा फरक घडवू शकतो, याचे नामांकित उदाहरण यकृताचे नसून सांध्यांचे आहे. संधिवाताच्या एका प्रकारात, ज्याला आमवात म्हणतात, रुग्णाचे प्रतिपिंड काही प्रथिनांतील सिट्रुलिन या मण्याला ओळखतात. सिट्रुलिन म्हणजे आर्जिनिन या नेहमीच्या ॲमिनो अम्लाचे किंचित बदललेले रूप. एका ठिकाणी नायट्रोजनच्या जागी ऑक्सिजन आलेला असतो, एवढाच काय तो भेद. १९९८ मध्ये नेदरलँड्समधील शेलेकेन्स, व्हान व्हेनरॉय आदी संशोधकांनी दाखविले की आर्जिनिन असलेल्या पेप्टाइडाकडे ढुंकूनही न पाहणारे प्रतिपिंड सिट्रुलिन असलेल्या पेप्टाइडाला घट्ट धरतात. त्यातून निघालेली चाचणी आज जगभर केली जाते, आणि २०१० मध्ये ठरविलेल्या आमवाताच्या निकषांत अशा प्रतिपिंडांना स्थान मिळाले आहे.

साहजिकच यकृताच्या बाबतीतही असेच घडेल अशी अपेक्षा होती. लिपोइक अम्लाचा पंजा हा तर एका अणूपेक्षा कितीतरी मोठा बदल! शिवाय, २००५ मध्ये गर्शविन यांच्या गटाने लिपोइक अम्लाऐवजी २-ऑक्टिनोइक अम्ल हे रसायन जोडून पाहिले, तेव्हा रुग्णांच्या प्रतिपिंडांनी तेही ओळखले. हे रसायन काही सौंदर्यप्रसाधनांत व सुगंधी द्रव्यांत निरनिराळ्या रूपांत वापरले जाते. बाहेरचे एखादे रसायन लिपोइक अम्लाच्या जागी बसून यंत्रणेची दिशाभूल करीत असावे, अशी शंका त्यामुळे बळावली. त्याच वर्षी अमेरिकेत १,०३२ रुग्णांच्या मुलाखतींवरून मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, धूम्रपान आणि नखरंगाचा वारंवार वापर यांचा या रोगाशी सांख्यिकी संबंध दिसून आला. संबंध म्हणजे कारण नव्हे, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. नखरंगाच्या बाटल्या फेकून देण्याची घाई कोणी करू नये.

फ्लॉरेन्सचा प्रयोग

इटलीतील फ्लॉरेन्स येथे ॲना मारिया पापिनी आणि पाओलो रोवेरो यांच्या प्रयोगशाळेत कृत्रिम पेप्टाइडांचा वापर स्वयंप्रतिरक्षा विकारांच्या निदानासाठी कसा करता येईल, याचे संशोधन पद्धतशीरपणे चालते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ई-२ प्रथिनातील त्या कळीच्या भागाची पेप्टाइडे तयार केली. काहींना लिपोइक अम्ल जोडले, काहींना जोडले नाही. त्यांनी आणखी एक काळजी घेतली. लिपोइक अम्लाची दोन रूपे असतात, उजव्या आणि डाव्या हातासारखी एकमेकांची आरशातील प्रतिमा. निसर्गात त्यांपैकी एकच आढळते. प्रयोगशाळेत मात्र बहुधा दोहोंचे मिश्रण तयार होते. म्हणून दोन्ही रूपांची पेप्टाइडे स्वतंत्रपणे तपासण्यात आली. निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले.

पहिला निष्कर्ष असा की लिपोइक अम्ल उजवे आहे की डावे, याने प्रतिपिंडांच्या ओळखीत फरक पडत नाही. पुढे चाचणी तयार करणाऱ्याला ही सोयीची बाब आहे. दुसरा निष्कर्ष अपेक्षेला धक्का देणारा होता. रुग्णांच्या रक्तरसांपैकी शेकडा ७४ रक्तरसांनी तपासलेल्या पेप्टाइडांपैकी किमान एक ओळखले. परंतु फक्त लिपोइक अम्ल असलेलेच पेप्टाइड ओळखणारे रक्तरस अगदीच थोडे निघाले. म्हणजे ज्या पंजाभोवती सगळे संशोधन फिरत होते, त्याचा वाटा दुय्यम ठरला. रेणूच्या आकाराचा अभ्यास केल्यावर कारणही सुचले. हा पंजा तेलकट स्वभावाचा असल्याने पाण्यात तो शेजारच्या तेलकट भागांशी जवळीक करून आत दडत असावा. जे बाहेर दिसतच नाही ते प्रतिपिंड कसे ओळखणार?

प्रस्तुत लेखकाच्या मते या प्रयोगाचे खरे मोल याच ‘अपयशात’ आहे. संधिवातात छोटासा बदल सर्वस्व ठरला, यकृतात मोठा बदलही गौण ठरला. दोन्ही उत्तरे मिळाली ती एकाच रीतीने. बाकी सर्व जसेच्या तसे ठेवून एकच गोष्ट बदलण्याची मुभा कृत्रिम पेप्टाइड देते. अनुमानावर विसंबून महाग आणि नाजूक पेप्टाइडांची चाचणी बाजारात आणली गेली असती, तर खर्च व्यर्थ गेला असता आणि अचूकता वाढली नसती.

आता ७४ या आकड्याकडे वळू. सूक्ष्मदर्शकाची जुनी चाचणी नव्वदांहून अधिक रुग्ण पकडते, मग नवी पद्धत मागे का पडते? पेप्टाइड हा सुटा धागा असतो, तर प्रथिन ही घडी घातलेली वस्तू असते. काही प्रतिपिंड घडीमुळे जवळ आलेले दूरदूरचे मणी मिळून ओळखतात. सुट्या धाग्यात ते त्यांना सापडत नाहीत. या संदर्भात एका भारतीय शास्त्रज्ञाचे स्मरण होते. पेप्टाइडाची साखळी अवकाशात कोणकोणत्या कोनांत वळू शकते आणि कोणत्या कोनांत वळू शकत नाही, याचा नकाशा मद्रास येथे जी. एन. रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांनी प्रसिद्ध केला तो १९६३ मध्येच, म्हणजे मेरिफिल्ड यांच्या निबंधाच्याच वर्षी. एकाने माळ ओवण्याची रीत दिली, दुसऱ्याने ती माळ कशी वळते याचे नियम दिले. प्रथिनांची रचना पडताळताना ‘रामचंद्रन आलेख’ आजही काढला जातो.

म्हणून एका पेप्टाइडावर भिस्त न ठेवता अनेक पेप्टाइडांचा संच करावा, असा फ्लॉरेन्सच्या गटाचा विचार आहे. रोगनिदान प्रयोगशाळांत सध्या सूक्ष्मदर्शकाच्या चाचणीबरोबरच जनुकतंत्राने बनविलेले एक जोडप्रथिन एलायझासाठी वापरतात. त्यात तीन निरनिराळ्या विकरसंकुलांचे लिपोइक अम्लधारी भाग एकत्र गुंफलेले असतात. यकृतपेशींवर हल्ला करणाऱ्या पहिल्या विकाराच्या एका प्रकारात, जो मुलांमध्येही आढळतो, परिस्थिती पेप्टाइडांना अधिक अनुकूल आहे. तेथील प्रतिपिंडांचे मुख्य लक्ष्य एका विकरातील सलग आठ ॲमिनो अम्लांचा क्रम आहे, असे १९९१ मध्ये जर्मनीतील मान्स आणि सहकाऱ्यांनी दाखविले. सलग क्रम हा पेप्टाइडाने सहज नकलता येतो.

शिबिरे घ्यावीत काय?

चाचणी सोपी झाली की ती सर्वांना करून पाहावी असा उत्साह वाटणे स्वाभाविक आहे. ग्रामपंचायतीच्या पुढाकाराने रक्तदाबाची वा मधुमेहाची शिबिरे होतात. मग याही रोगाचे का नको? याचे उत्तर पुन्हा अंकगणितात आहे. समजा, एक लाख लोकवस्तीत या रोगाचे ३० रुग्ण आहेत. चाचणी शंभर रुग्णांतील नव्वदांना पकडते आणि शंभर निरोग्यांपैकी अवघ्या दोघांना चुकून ‘रोगी’ ठरविते, असे धरू. सर्वांना तपासले तर २७ खरे रुग्ण सापडतील, आणि त्यांच्याबरोबर सुमारे २,००० निरोगी माणसे विनाकारण धास्तावतील. होकारार्थी ठरलेल्या सत्तरपंचाहत्तर माणसांत एक खरा रुग्ण! शिवाय तंतुकणिकांविरुद्धचे प्रतिपिंड खरोखरच आढळले, तरी रोग असतोच असे नाही. फ्रान्समध्ये अशा व्यक्तींचा पाठपुरावा करण्यात आला. ज्यांचे प्रतिपिंड होकारार्थी परंतु यकृताच्या चाचण्या ठीक होत्या, त्यांच्यापैकी साधारण सहांत एकाला पाच वर्षांत रोग जडला, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांवरून दिसते.

तेव्हा ही चाचणी ज्याच्याबद्दल सबळ शंका आहे त्याच्यासाठीच करावयाची. शंका घेण्यासाठी फार मोठे साधन लागत नाही. प्रत्येक खाज यकृताची नसते. खरूज, कोरडी त्वचा, मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार अशी तिची अनेक कारणे आहेत आणि ती कितीतरी अधिक सामान्य आहेत. परंतु मध्यम वयाच्या स्त्रीची पुरळ नसलेली खाज औषधांना दाद देत नसेल, जोडीला थकवा असेल, तर ‘अल्कलाइन फॉस्फटेज’ या विकराचे रक्तातील प्रमाण पाहावे. यकृताच्या नेहमीच्या रक्ततपासणीतच हा आकडा मिळतो. तो वाढलेला असेल आणि सोनोग्राफीत पित्तमार्गात खडा वा अन्य अडथळा दिसत नसेल, तर तंतुकणिकांविरुद्धच्या प्रतिपिंडांची चाचणी सांगण्याची ती वेळ होय. तीही होकारार्थी आली, तर बहुतेक रुग्णांच्या बाबतीत यकृतात सुई घालून तुकडा काढण्याची गरज पडत नाही. निदान रक्तावरच पक्के होते आणि औषध सुरू करता येते.

उरतात ते शंभरांतील पाच-दहा रुग्ण, ज्यांना हा रोग असूनही तंतुकणिकांविरुद्धचे प्रतिपिंड नसतात. त्यांच्यापैकी काहींमध्ये पेशीकेंद्रातील ‘जीपी-२१०’ आणि ‘एसपी-१००’ या दोन प्रथिनांविरुद्धचे प्रतिपिंड सापडतात, आणि त्यांवरून निदान करता येते. जीपी-२१० मधील लक्ष्य १९९३ मध्ये अमेरिकेत शोधण्यात आले. ते अवघ्या १५ ॲमिनो अम्लांचे आहे, मेरिफिल्ड यांच्या रीतीने सहज ओवता येईल एवढे.